काहीच न झाल्याबद्दल

त्या सकाळी काहीच झालं नाही, आणि त्याबद्दल तीर्थ दाइंना विमानतळाच्या टॉवरवरून काढून टाकलं. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरून जा. कार्यालयाच्या मते असं काही घडलेलंच नाही. कार्यालयाच्या मते तीर्थनारायण मानंधर अजूनही टॉवरवरच आहेत, फक्त तळमजल्यावर.

तर सकाळ.

"टॉवर, आज फाट्यावरच संसार मांडायचा का?" कॅप्टन लामिछाने रेडिओवरून विचारत होते. "मागे बसलेल्यांच्या पोरांची लग्नं ठरायला लागली इथे."

"आमंत्रण द्या, कॅप्टन साहेब," तीर्थ दाइ म्हणाले. "तोवर थांबा."

मी शेजारच्या खुर्चीत होते. दाइ म्हणजे थोरला भाऊ; आम्ही सगळेच त्यांना तसं म्हणायचो. जमिनीवर चालणारं विमान माझं, धावपट्टीवर आलं की दाइंचं. मी विमानांना त्यांच्यापर्यंत पाठवते, ते वर पाठवतात. 'वर पाठवतो' हे मात्र ते स्वतः कधी म्हणायचे नाहीत. 'सोडतो' म्हणायचे.

आखातात मजुरीला निघालेल्या पोरांनी गच्च भरलेलं मोठं विमान नुकतंच सुटलं होतं. एवढं धूड हवेत चढलं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे मागे सुटतात. आडवे, पिळलेल्या दोरखंडासारखे. ते दिसत नाहीत. मोठ्या विमानाला त्यांचं काही नसतं, ते गेलेलं असतं. मागून येणाऱ्या चिमुकल्या विमानाला मात्र ते पालथं करू शकतात, आणि जमिनीच्या इतक्या जवळ पालथं झालेलं विमान सुलटं करायला जागा नसते. म्हणून थांबायचं. छोटं विमान धावपट्टीच्या टोकावरून निघणार असेल तर दोन मिनिटं, मधल्या फाट्यावरून, म्हणजे धावपट्टीला मध्येच येऊन मिळणाऱ्या रस्त्यावरून, निघणार असेल तर तीन. कारण फाट्यावरून निघालेलं विमान थेट त्या दोरखंडातच उडी घेतं.

नियम एवढाच. सगळ्या जगात तोच आहे. पण आमच्या टॉवरने त्याला आपल्या घरची सवय लावली होती. मोठं विमान धावायला लागलं की आमच्याकडे घड्याळ चालू व्हायचं. त्याची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत यातला बराच वेळ खर्च झालेला असायचा. सगळे तसंच मोजायचे. मला शिकवणाऱ्यांनी तसंच शिकवलं, त्यांना शिकवणाऱ्यांनीही. एकटे तीर्थ दाइ चाकं सुटल्यावर घड्याळ चालू करायचे. त्यामुळे त्यांच्या पाळीत कमी विमानं सुटायची, आणि वैमानिक त्यांना प्रेमाने 'अर्धा पगारी' म्हणायचे.

दाइंचं सगळं आयुष्यच असं. पहिली मुलगी नाही म्हणाली तेव्हा वर्षभर थांबून त्यांनी दुसरी पाहिली. बढतीसाठी थांबले, ती मागून आलेल्यांना मिळाली. रस्ता ओलांडतानासुद्धा ट्रक गेल्यावर ते लगेच पाऊल टाकायचे नाहीत. सासरे जाडजूड होते. ते खोलीतून बाहेर पडले की दाइ जरा वेळाने बाहेर पडायचे, असं त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं, आणि ती हसत नव्हती. घराण्याचा तेलघाणा विकून भावांनी मोबाइलची दुकानं टाकली. दाइंकडे राहिलं एक बिनबाह्यांचं स्वेटर आणि ही तीन मिनिटं. स्वेटर बायकोने दोनदा टाकून द्यायला काढलं होतं. तीन मिनिटांवर डोळा ठेवून बाकीचं जग बसलं होतं.

त्या दिवशी हवा अगदी शांत होती. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मोज्यासारखी लटकत होती. खोऱ्याभोवतीच्या वीटभट्ट्यांचा धूर सरळ उभा होता, कुणीतरी वरून टांगून ठेवल्यासारखा.

आमच्याकडे अशा सकाळीला शुभ मानतात. माणसं मरतात ती वाऱ्याने, हे इथे पोरासोरांनाही माहीत असतं. वर ठुलोखर्कला डोंगराच्या कुशीला चिकटवलेली पट्टी आहे. उन्हं चढली की तिथे वारा उठतो, आणि वारा उठला की पट्टी बंद. त्या वाऱ्याने नेलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यामुळे खोऱ्यात वारा नसला की वैमानिक छातीला हात लावून नमस्कार करतात आणि जास्तीत जास्त फेऱ्या मारायला धावतात. वारा नाही म्हणजे भीती नाही, हे आमच्या हाडांत बसलंय.

दाइ एकटे अशा सकाळी तोंड पाडून बसायचे. वारा भोवरे मोडून टाकतो. शांत हवेत ते पडून राहतात, पाहुण्यांसारखे.

"बहिनी," ते मला म्हणाले, "आज बघ, झाड हलत नाही."

"छान आहे की."

"हो. विहीरपण छान असते."

त्यांची तीन मिनिटं संपायच्या आत एक उतरणारं विमान आलं. त्याच्या पाठीला लागून दुसरं मोठं विमान निघालं, कारण त्याला पलीकडच्या देशाने वेळ ठरवून दिली होती. म्हणजे लामिछान्यांना पुन्हा तीन मिनिटं.

"टॉवर," आता लामिछान्यांच्या आवाजातला विनोद संपला होता, "माझ्यामागे कोण बसलंय माहितीये ना?"

माहीत होतं. पर्यटन राज्यमंत्री. ठुलोखर्कला सफरचंदांच्या शीतगृहाचं उद्घाटन होतं. ठुलोखर्कला वर्षातून चार महिने बर्फ असतं, तिथे शीतगृह कशाला, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मंत्रीज्यूंना माझा नमस्कार सांगा," दाइ अदबीने म्हणाले; 'ज्यू' म्हणजे आमच्याकडचं 'जी'. "थांबा."

"मी लिहून देतो, जबाबदारी माझी."

"जबाबदारी तुमची, विमान माझं. थांबा."

फोन वाजला. खालून ढुंगाना साहेब, आमचे टॉवरप्रमुख. दाइंनी डोळ्यांनीच मला सांगितलं, तू घे.

"त्या म्हाताऱ्याला सांग सोडायला!" साहेब ओरडत होते. "वर वारा उठेल!"

"दाइ, साहेब म्हणतात सोडा."

"काय सोडू?"

"विमान."

"मला वाटलं हट्ट." दाइंची नजर घड्याळावरून हलली नाही. "सांग, सोडतो म्हणाले."

"सोडतात म्हणाले, साहेब."

"कधी?"

"कधी, दाइ?"

"वेळ झाल्यावर."

मी फोन हळूच खाली ठेवला, झोपलेलं मूल ठेवतात तसा.

आणि तेव्हा ती घार दिसली. आमच्या धावपट्टीवर घारी असतातच. ती फाट्यापलीकडे, दोनतीन माडी उंचीवर, पंख न हलवता तरंगत येत होती. आणि एकदम उलटी झाली. पोट वर. कुणीतरी मान पिरगाळावी तशी तिने हवेत एक आडवी गिरकी घेतली, मग दुसरी, आणि मग दगडासारखी खाली येऊन जमिनीला टेकता टेकता सावरली. गवतात बसली आणि इकडेतिकडे बघत राहिली. आसपास काहीच नव्हतं. कापडी पिशवी लटकत होती. धूर उभा होता.

"दाइ," मी म्हटलं, "बघितलंत?"

"नाही," ते म्हणाले. "मी घड्याळ बघतोय."

वेळ झाली. त्यांनी लामिछान्यांना सोडलं. छोटं विमान धावलं, उठलं, सरळ गेलं. दाइंनी पाठ टेकली आणि रुमालातले कोरडे पोहे आणि भाजलेले भटमासाचे, म्हणजे सोयाबीनचे, दाणे खायला घेतले.

ठुलोखर्कला विमान पोचलं तेव्हा वारा उठला होता. दोन घिरट्या घालून ते परत आलं. मंत्रीज्यूंनी उद्घाटनही गमावलं आणि पोटातला नाश्ताही. तिकडे शीतगृहाची फीत एका शाळामास्तरने कापली आणि आत सगळ्यांना ऊब वाटली म्हणतात.

चौकशी तिसऱ्या दिवशी. तीन साहेब, एक पंखा, चार कप चहा. चौथा कप कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी साक्षीदार होते.

"त्या सकाळी काय झालं?" मधल्या साहेबांनी दाइंना विचारलं.

"काहीच नाही."

"मग विमान अडवलं कशाला?"

"काही होऊ नये म्हणून."

"पण काही झालं नाही ना?"

"नाही."

"म्हणजे अडवण्याची गरज नव्हती," साहेब म्हणाले आणि समाधानाने इतरांकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता.

"साहेब, हवा शांत होती," दाइ म्हणाले.

"तेच म्हणतोय मी! शांत हवेत भीती कसली? ढुंगानाज्यू, शांत हवेत कधी अपघात झालाय आपल्याकडे?"

"नाही, हजुर," उजवीकडचे ढुंगाना साहेब म्हणाले. "मानंधरज्यू होऊच देत नाहीत." हे ते दाइंच्या विरुद्ध बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने चहा प्यायला.

मी घारीचं सांगितलं. तिघांनी नीट ऐकून घेतलं.

"घारीची काही तक्रार आलीये?" डावीकडच्या साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग पुढे."

शेवटी मधले साहेब जरा मऊ झाले. "मानंधरज्यू, आम्हाला तुमचं वाईट करायचं नाही. तुमच्या थांबवण्याने आजवर नेमकं काय टळलं, तेवढं लेखी द्या. आम्ही विचार करू."

"जे झालं नाही ते लिहू?"

"होय."

दाइंनी बोटांवर मोजायला घेतलं, मग सोडून दिलं. "फार लांबेल, साहेब," ते म्हणाले. "आतापर्यंत इथून गेलेली सगळी माणसं घालावी लागतील त्यात."

साहेबांना ते उद्धट वाटलं.

आदेश आला. ही शिक्षा नाही, असं त्यात दोनदा लिहिलं होतं. दाइंना 'हरवलेले सामान' विभागात पाठवलं. टॉवरच्याच इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखाली. खिडकी नाही. आत मालक न आलेल्या सुटकेसा, एकेका पायाचे बूट आणि एक प्रेशर कुकर. आकाश सोडून सगळं होतं.

मी जेवणाच्या सुट्टीत भेटायला गेले. एका बाईला तिची पिशवी मिळवून देऊन दाइ स्वतः दारापर्यंत सोडायला आले होते.

"दाइ, वर अर्ज करूया. सगळे सही करतील." कुणीही केली नसती, पण असं म्हणायचं असतं.

"खुर्चीसाठी नको," ते म्हणाले. "खुर्ची काय, लाकडाची आहे. तीन मिनिटं राहिली पाहिजेत. वर कोण बसलंय आता?"

वर अभिनव कर्ण बसला होता. तराईतला पोरगा, गोड बोलणारा, चपळ, सगळ्यांना आवडणारा. मलाही. तो घड्याळ लावायचा ते आमच्या घरच्या पद्धतीने, मोठं विमान धावायला लागलं की. त्याचा दोष नव्हता. त्याच्या आधीच्या सगळ्यांनी हेच केलं होतं आणि काही झालं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच सकाळी वारा होता, एवढंच.

माझ्या हातात जमीन तेवढी होती. म्हणून मी एक कुत्रा आणला.

म्हणजे आणला नाही. पाहिला. "फाट्याजवळ कुत्रा आहे," मी रेडिओवर सांगायचे. "धावपट्टीच्या टोकाला जा." टोकापर्यंत जायला छोट्या विमानाला वेळ लागतो. त्या वेळात भोवरे जरा म्हातारे होतात, आणि टोकावरून निघालं की छोटं विमान मोठ्याची चाकं सुटलेल्या जागेच्या आधीच वर उठतं, भोवऱ्यांच्या वरून जातं.

"दिदी, आज पण कुत्रा?" चौथ्या दिवशी अभिनवने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"आज पण."

"तोच?"

"रंग वेगळा आहे."

"मला नाही दिसत."

"तू नवीन आहेस."

लामिछाने रेडिओवर म्हणाले, "बहिनी, त्या कुत्र्याला आता पेन्शन द्या." सगळ्या वैमानिकांनी आपापल्या विमानातून हसून घेतलं. नवव्या दिवशी नगरपालिकेची माणसं जाळी घेऊन आली, दिवसभर गवत तुडवलं आणि संध्याकाळी ढुंगाना साहेबांना सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की विमानतळाच्या हद्दीत एकही कुत्रा नाही. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला.

"पवित्रा, आता काय दिसेल तुला? वाघ?"

"सांगता येत नाही, साहेब."

"दिसला तर त्याला सांग, फाटा मोकळा ठेव."

त्यानंतर आठवड्याभरात परिपत्रक निघालं. साहेबांनी ते स्वतः टॉवरवर येऊन वाचून दाखवलं, लग्नाची पत्रिका वाचतात तशा आवाजात. हवा पूर्णपणे शांत असल्यास, वैमानिकाच्या विनंतीवरून, मोठ्या विमानामागे थांबण्याची मुदत माफ करता येईल. वारा असल्यास मात्र नियम कडकपणे पाळावा. रविवारपासून लागू.

"वाऱ्यात कडक, शांत हवेत माफ," साहेब म्हणाले. "सुरक्षेशी तडजोड नाही."

अभिनवने मान डोलावली. मीपण डोलावली असेन. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटत होतं.

शनिवारी सुट्टी असूनही मी विमानतळावर गेले. हवामान खात्यातल्या ओळखीच्या मुलीला विचारलं, येता आठवडा कसा आहे? "एकदम मस्त, दिदी," ती म्हणाली. "पान हलणार नाही."

जिन्याखाली गेले तर तिथे लामिछाने आधीच बसलेले. उलट्या ठेवलेल्या सुटकेसवर, मांडीवर सफरचंदांची टोपली. ठुलोखर्कहून येताना ते टॉवरसाठी नेहमी आणायचे.

"राग धरू नका, दाइ," ते म्हणत होते. "माझ्याकडून तक्रार नव्हती गेली. मंत्र्याच्या माणसाने केली."

"राग नाही."

"उद्यापासून बघा, सकाळच्या चार फेऱ्या होतील. वरची माणसं आशीर्वाद देतील. बाळंतीण अडली की किती दिवस वाट बघत बसतात तिथे, तुम्हाला माहितीये ना?"

हेही खरंच होतं. त्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"एक कर," दाइ म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी लामिछान्यांना पहिल्यांदा अरे-तुरे केलं. "फाट्यावरून निघू नको. टोकाला जा."

"टोकाला जायला इंधन जातं, दाइ. कंपनी ओरडते."

"जाऊ दे."

"तुम्हाला कळत नाही..."

"उद्या सकाळी पहिलं मोठं विमान गेलं की जरा बसून रहा. रेडिओ बिघडला म्हण. चष्मा सापडत नाही म्हण."

"मी चष्मा लावत नाही."

"म्हणून तर सापडणार नाही."

लामिछाने मोठ्याने हसले. दाइंच्या खांद्यावर थाप मारली, टोपली तिथेच ठेवली, मलाही एक सफरचंद दिलं आणि शीळ घालत गेले. चांगला माणूस. जाताना दार त्यांनी इतकं हळू लावलं की आवाजसुद्धा झाला नाही.

दाइ टेबलाशी बसले. एक कोरा कागद घेतला.

"दाइ, परिपत्रक मागे घ्या म्हणून लिहिताय?"

"ते घेणार नाहीत. त्यांना चूक मागे घ्यावी लागेल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "जे करण्यात त्यांचा अपमान नाही, ते मागतो."

लिहून झाल्यावर त्यांनी स्वेटर नीट केलं, कागद घेऊन वर गेले आणि साहेबांच्या हातात दिला. उद्या परिपत्रक लागू होणार त्या सोहळ्याची तयारी बघायला साहेब सुट्टीच्या दिवशी आले होते. त्यांनी न वाचताच शिक्का मारला आणि एक प्रत दाइंना परत दिली. बाहेर धूर सरळ उभा होता. ती प्रत माझ्याकडे आहे:

"उपरोक्त विषयी सविनय निवेदन, की उद्या रविवारपासून लागू होणाऱ्या परिपत्रकान्वये शांत हवेची जबाबदारी कार्यालयाने स्वतःकडे घेतलेली आहे. तरी पहिलं मोठं विमान सुटल्यापासून कॅप्टन लामिछाने यांचं विमान सुखरूप वर चढेपर्यंत, धावपट्टीवर पुरेशा जोराचा आडवा वारा उपलब्ध करून देण्यात यावा. वारा अगदी हलका नसावा, कारण हलका वारा भोवऱ्याला धावपट्टीवरच धरून ठेवतो, याची कृपया नोंद घ्यावी. कायमस्वरूपी तरतूद होईपर्यंत निदान सकाळच्या वेळी तरी सदर वारा सोडण्याचे आदेश संबंधितांना व्हावेत, ही नम्र विनंती."